मुळासकट पडलेले दात

मायसाचा पहिला दात पडला तेव्हा तिला अजून धड बोलताही येत नव्हतं. आउरेनी अंगणात काजूच्या झाडाखाली झोळ्याची झालर विणत बसली होती आणि पोर तिच्या पायाशी गुळाचा खडा चोखत होती. चोखता चोखता तिने खडा चावला, मग तोंडात बोट घातलं आणि काहीतरी काढून आईपुढे धरलं. रडली नाही, कुरकुरली नाही. हातात दात होता. खालचा, समोरचा, दुधाचा.

आउरेनीने तो तळहातावर घेतला आणि उलटा करून पाहिला. दुधाचे दात पडतात तेव्हा नुसती टोपी निघते, खाली मूळ उरलेलं नसतं. ह्या दाताला मूळ होतं. पुरतं, टोकापर्यंत, दातापेक्षा लांब. शेंगेतून दाणा निघावा तसा तो जसाच्या तसा बाहेर आला होता. हिरडीतून जेमतेम थेंबभर रक्त आलं होतं.

"आत्या!" तिने हाक मारली. "आत्या, जरा इकडे ये."

जेफिन्या आत्या अंगणापलीकडच्या खोपटात राहायची. ती आउरेनीच्या वडिलांची सख्खी बहीण आणि लग्नानंतर तिची सासूही. ब्राझीलच्या त्या कोरड्या मुलखात, परैबा राज्याच्या आतल्या भागात, आतेमामे भावंडांची लग्नं होतच आली आहेत. जमीन घरात राहते, सून ओळखीची असते, आणि लग्नाला माणसं दुसरीकडून आणावी लागत नाहीत. आत्या आली, दात उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "पडली असेल कुठे. तू मान खाली घालून गाठी मारत बसतेस, पोर काय करते ते तुला दिसतं कुठे?"

"पडली नाही गं. माझ्यासमोर बसली होती."

"मग गूळ कडक असेल." आत्याने दात आउरेनीच्या हातात परत दिला. "टाक कौलांवर. नवा मागून घे आणि गप्प बस."

तिथे पडलेला दात घराच्या कौलांवर फेकायची रीत आहे. आउरेनीने घराकडे पाठ केली, मनातल्या मनात नवा, धड दात मागितला आणि फेकला. कौलावर तो टक्कन वाजला.

लागोआ दो उंबु हे गाव झोळ्यांचं, दोन टोकांना टांगून झोपायच्या कापडी झोळ्यांचं. गावात घरटी एक तरी माग, आणि माग नसेल त्या घरात झालरी. माणसं झोळ्यात जन्मतात, झोळ्यात झोपतात, आणि पूर्वी तर मसणातही झोळ्यातूनच न्यायचे. आउरेनी पूर्वी सूत रंगवायच्या कारखान्यात होती. निळ्या नि लाल पाण्याच्या टाक्यांमध्ये सुताच्या लडी बुडवायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. पहिल्या बाळंतपणानंतर घरी झालरी करू लागली. नवरा जिल्वान झोळे ट्रकमध्ये भरून देशभर विकत फिरायचा. एकदा गेला की तीन-तीन, चार-चार महिने घराचं तोंड बघायचा नाही. भेटला की प्रेमाचा, फोनवर हसरा, पण काही घडायच्या वेळी कधीच जागेवर नसलेला, असा तो माणूस.

मायसाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, कायो. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. आउरेनी तर नाहीच.

पहिल्या दातानंतर महिन्याभरात दुसरा गेला. मग वरचे दोन. प्रत्येक दात तसाच, मुळासकट, न दुखता. आउरेनी एकेक दात कौलांवर टाकत राहिली, पण आता नवा मागायला तिची जीभ वळत नव्हती. पोरगी तेवढ्याच आनंदाने मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस दुधात कालवून खायची आणि बोळकं तोंड पसरून हसायची. बाजारात बायका थबकून बघायच्या.

"अडीच वर्षांची ना गं ही? आणि दात कुठे गेले?"

"पडले."

"आपोआप?"

त्या 'आपोआप'मध्ये जे होतं ते आउरेनीला बरोबर ऐकू यायचं.

शेवटी ती पोरीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथला दातांचा डॉक्टर नवीनच आलेला, तरुण, कामसू. त्याने मायसाचं तोंड उघडून पाहिलं, हिरड्या दाबल्या, आउरेनीने फडक्यात बांधून नेलेला ताजा दात पाहिला. त्याचा चेहरा बदलला.

"बाई, हा दात आपोआप पडलेला नाही," तो म्हणाला. "याचं मूळ शाबूत आहे. असा दात पडायला जोराचा मार लागतो. घरात कोण कोण असतं?"

"मी असते."

"मुलीचा बाप?"

"तो फिरतीवर. दोन महिने झाले जाऊन."

"म्हणजे तुम्हीच."

"हो, मीच," आउरेनी म्हणाली. आपण काय कबूल करून बसलो ते घरी परतताना अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं.

तो डॉक्टर वाईट नव्हता. मार खाल्लेली मुलं त्याने पाहिली होती, हा आजार पाहिला नव्हता. त्याने कर्तव्य समजून कळवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बालसंरक्षण समितीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. दोना क्लेओनीसे त्यांचं नाव. घामाघूम झालेल्या, वजनदार, गावातल्या अर्ध्या पोरांची कुंडली तोंडपाठ असलेल्या. त्यांनी मायसाचे हातपाय, पाठ, कानामागची जागा, सगळं तपासलं. एक ओरखडा सापडला नाही. तरी म्हणाल्या, "चौकशी पुरी होईपर्यंत मुलगी तुझ्याजवळ एकटी राहणार नाही. सासूकडे झोपेल, सासूकडे जेवेल. नाहीतर मला तिला शहरात ठेवावं लागेल. तिकडे पाठवू?"

"माझं मूल आहे हो ते."

"म्हणून तर अंगणापलीकडे ठेवतेय, शंभर मैलांवर नाही."

आणि आत्याने काय करावं? आत्याने मायसाला कडेवर घेतलं आणि दोना क्लेओनीसेंसमोरच म्हणाली, "माझ्याकडे सुखरूप राहील. पहिल्यांदाही मी म्हटलं होतं, या मुलीच्या हातून मूल जगायचं नाही."

आउरेनीने झालर उचलली आणि गाठी मारू लागली. दोरा कुठे चाललाय ते दिसत नव्हतं.

ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. अंगणापलीकडे पोर 'आई, आई' करायची आणि हिने जायचं ते आत्या दारात उभी असताना, पाहुण्यासारखं. जिल्वानला फोन केला तर तो तिकडून, ट्रकच्या गडगडाटातून ओरडला, "खरं सांग, तू काही केलंस का?"

"तूही?"

"नुसतं विचारतोय गं. लोक मला विचारतायत. इतक्या लांब माझ्या कानावर आलंय."

तिने फोन ठेवून दिला. तिला वाटायला लागलं, खरंच आपल्या हातून काही होतंय का? न कळत? कायो पोटात होता तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत ती रंगाच्या टाक्यांवर उभी होती. कोपरापर्यंत हात निळे व्हायचे. तो रंग आत गेला, पोराच्या हाडांत गेला, असं तिने तेव्हाच स्वतःशी ठरवून टाकलं होतं. आता तिला वाटलं, रंग अजून आपल्यात आहे. दुधातून गेला, हातांतून जातोय. ती साबणाने हात घासायची, कातडी सोलेपर्यंत घासायची.

मग एका सकाळी आत्याची किंकाळी आली.

आउरेनी धावली. आत्या चुलीपुढे उभी होती, पांढरीफटक. मायसा तिच्यासमोर पाटावर बसून मऊ कुसकुस खात होती आणि आत्याच्या हातात दात होता, सुळ्याआधीचा, खालचा. मुळासकट.

"मी हातही लावला नाही," आत्या म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, आउरेनी. घास घातला, आणि तिने थुंकला. घासाबरोबर थुंकला. मी काही केलं नाही."

"मीही नव्हतं केलं, आत्या."

आत्या पाटावर बसली. मग पदरासारखं डोक्याला बांधलेलं फडकं सोडून त्यात तो दात गुंडाळला. "चल," ती म्हणाली. "त्या जाड्या बाईकडे जाऊ. हे मी तिला सांगणार. माझ्या तोंडाने सांगणार."

दोना क्लेओनीसेंनी ऐकून घेतलं. आत्यासारखी म्हातारी, आणि तीही सुनेच्या बाजूने, खोटं बोलणार नाही एवढं त्यांना कळत होतं. त्यांनीच राज्याच्या राजधानीतल्या दातांच्या कॉलेजात फोन लावला आणि पहाटेच्या रुग्णांच्या गाडीत तिघींना जागा मिळवून दिली.

राजधानी समुद्राकाठी. आउरेनीने समुद्र पाहिला नव्हता आणि त्या दिवशीही पाहिला नाही. डॉक्टर इरासी कॉलेजच्या मागच्या इमारतीत बसायच्या. पन्नाशीच्या, बारीक, केस पांढरे, आवाज हळू. त्यांनी मायसाला मांडीवर घेतलं, तिच्याशी तिच्या चपलांविषयी बोलल्या आणि बोलता बोलता तोंड पाहून घेतलं. आत्याच्या फडक्यातला दात त्यांनी पाण्यात टाकून जपून ठेवला.

"ह्याआधीचे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कौलांवर," आउरेनी म्हणाली. "आणि एक त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठेवून घेतला."

"कौलांवरचे मिळतील?"

"काय?"

"हा एक दात मी कापून बघेन. पण समिती म्हणेल, एका दाताने काय सिद्ध होतं? सगळे तसेच निघाले, तर कोणाला बोलायला जागा उरणार नाही. मुळावर एक पातळ लेप असतो, त्याच्या आधारानेच दात हाडाला धरून राहतो. मार लागून दात पडला, तर लेप मुळावर असतो. मला वाटतंय, हिच्या दातांवर तो चढलेलाच नाही."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आउरेनी घरावर चढली. शिडी कौलांना टेकवली, चपला काढल्या आणि गुडघ्यांवर सरकत वर गेली. कौलं चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती. वर काय नव्हतं? काजूची पानं, पक्ष्यांची घाण, वर्षानुवर्षांची धूळ, कोणाचा तरी तुटलेला पतंग. आणि दात. फक्त मायसाचे नाहीत. त्या घरात चार पिढ्या मुलं वाढली होती, सगळ्यांचे दात तिथेच. पिवळे, काळे, टोप्या, तुकडे. ती एकेक कौल उचलायची, फटीत बोटं घालायची, फुंकर मारायची.

"खाली ये!" आत्या ओरडत होती. "कौलं फोडशील! मान मोडशील!"

"मोडू दे."

"वेडी झालीस का? शेजारी बघतायत!"

"बघू देत! बोलव आणखी चार जणांना!" आउरेनी वरून किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या अंगणात ओरडली असेल. "सगळ्यांना सांग, पोरीचे दात पाडणारी बाई वर बसलीय, या बघायला!"

एक कौल तिच्या गुडघ्याखाली मोडलं आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. पिंढरीवर लांब ओरखडा उठला. पाय बाहेर काढताना मोडक्या तुकड्यांमध्ये तिला पहिला दात दिसला. लांब मूळ, अजून पांढरं. ती रक्ताळलेल्या पायानिशी तिथेच बसून हुंदके देऊन रडली. संध्याकाळपर्यंत आणखी एक मिळाला. आणि मायसाचे नव्हेत अशा जुन्या दातांत, धुळीत, तिला पिवळे पडलेले, पण तसेच मुळासकटचे आणखी काही सापडले. तेही तिने घेतले. ते कोणाचे, ते तिला कळलं नाही.

आत्याला कळलं. आत्याने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाली, "माझे असतील. किंवा तुझ्या बापाचे. आमचे दात फार लवकर पडले. आई म्हणायची, आपलं तोंडच कमजोर." तिने स्वतःची कवळी जिभेने हलवली. लग्नाच्या आधीपासून ती कवळी वापरत होती. गुळाने दात गेले असं सगळ्यांना सांगायची. "तुझेही गेले होते गं, तीन-चार वर्षांची होतीस. तू विसरली असशील."

डॉक्टर इरासींनी दात कापले, घासून कागदाहून पातळ केले, भिंगाखाली घातले. सगळ्यांची मुळं उघडी होती. लेप नव्हताच, कुठे असला तर तुटक, नावापुरता. त्यांनी समितीला स्वतः कळवलं. दोना क्लेओनीसे पुन्हा आल्या तेव्हा दारात न थांबता आत आल्या, कॉफी मागून घेतली आणि म्हणाल्या, "माझं कामच असं आहे, पोरी." एवढीच त्यांची माफी. दवाखान्यातला तरुण डॉक्टर मात्र आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि तसाच परत गेला. मायसा घरी आली.

इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण आउरेनीचा खरा वनवास त्यानंतर सुरू झाला.

डॉक्टरांनी तिला पुन्हा बोलावलं होतं, सगळं समजावून सांगायला. पडद्यावर त्यांनी दोन चित्रं लावली. दोन्हींत लांबट, माशांसारखे ठिपके.

"ह्यांतल्या हाड बनवणाऱ्या पेशी कुठल्या आणि मुळावरचा लेप बनवणाऱ्या कुठल्या, सांगता येतंय?"

"दोन्ही सारख्याच दिसतात."

"मलाही नुसतं बघून ओळखता येत नाहीत. अर्धं आयुष्य मी हेच करतेय. दोन्ही दाताजवळच राहतात, एकमेकींपासून केसाच्या अंतरावर, आणि दोघींकडची जनुकं तीच. पण कुठलं जनुक जोरात चालवायचं आणि कुठलं झोपवून ठेवायचं, ते दोघींचं वेगळं. म्हणून एकीचं हाड होतं आणि दुसरीचा लेप. आता, शरीरात एक क्षार असतो. तो साचला की नवं हाडही टणक होत नाही आणि लेपही चढत नाही. त्याला झाडून काढणारं एक जनुक आहे. तुमच्या घराण्यात ते बिघडलेलं असावं."

"मग हाडंही?" आउरेनीने विचारलं.

"लेपाच्या पेशींना तो क्षार जराही खपत नाही. आणि लेप एकदाच चढतो, चुकला तो चुकला. हाडाच्या पेशी कमी झाडलोटीतही निभावून नेतात. हाड रोज मोडतं, रोज बांधलं जातं, त्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते. त्यामुळे पुष्कळदा नुसते दात जातात आणि हाडं..."

"माझा एक मुलगा गेला," आउरेनी म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"कायो त्याचं नाव. त्याचं डोकं मऊ होतं. पिकलेल्या पपईसारखं. हात लावला तर बोट आत जाईल असं वाटायचं. पाय वाकडे. बरगड्या अशा आत जायच्या, श्वास घेताना. पहिल्या पावसापर्यंतही राहिला नाही. मला वाटलं, माझ्यामुळे. मी रंगाच्या टाक्यांवर होते."

डॉक्टर इरासींनी पडदा बंद केला. "रंगाने नाही," त्या म्हणाल्या. "ते डोक्यातून काढून टाका. रंगाने असं होत नाही."

"मग मायसाचंही तसंच होणार?"

"मला माहीत नाही. तुमच्या तिघांचं रक्त लागेल. बाप कुठे आहे?"

जिल्वान आला. देशाच्या मध्यावरच्या गोयासहून दोन दिवस न थांबता ट्रक हाकत आला, हे त्याचं मानावं लागेल. रक्त दिलं आणि मग ते थांबणं सुरू झालं. नमुने दूर दक्षिणेला गेले, उत्तर येईना. त्या काळात आउरेनी मायसाला चालू द्यायला तयार नव्हती. पोर पळाली की ही मागे धावायची. झोळ्यात झोपलेल्या पोरीच्या नडग्यांवरून दिवसातून कितीदा हात फिरवायची, वाकतात का बघायची. डोकं दाबून बघायची. मायसा चिडून हात झटकायची.

"तू तिला वेडं करशील," जिल्वान म्हणायचा.

"तू कायोला कितीदा हातात घेतलंस?"

"ते कशाला आता?"

"सांग ना. एकदा. तेही नावाला. त्याचा श्वास मी मोजत होते, तू नाहीस. म्हणून तुला माहीत नाही मी काय शोधतेय."

आत्याने दातांची संत सांता आपोलोनिया हिला नवस केला आणि सुताराकडून लाकडाचा जबडा कोरून घेतला, तिच्या चर्चमधल्या नवसांच्या खोलीत टांगायला. आउरेनी म्हणाली, "जबडा नको, आत्या. दात गेले तर जाऊ देत. पाय कोरून घे. बरगड्या कोरून घे." आत्याने डोळे पुसले आणि सुताराकडे परत गेली.

निकाल आला तेव्हा डॉक्टर इरासींनी तो फोनवर सांगितला नाही, बोलावून घेतलं. नवराबायको शेजारी शेजारी बसले.

"जनुकाच्या दोन प्रती असतात," त्या म्हणाल्या. "एक आईकडची, एक बापाकडची. तुम्हा दोघांचीही एक एक प्रत बिघडलेली आहे, आणि बिघाड तोच, एकाच आजीकडून किंवा आजोबांकडून आलेला. मायसाकडे एक बिघडलेली, एक धड. तिची हाडं त्या एकीवर तगतील. मुळावरचा लेप तगत नाही; कोणाला ते कमी बाधतं, कोणाला जास्त. कायोला मी तपासू शकत नाही, पण त्याच्याकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या असणार."

"म्हणजे तिला काही होणार नाही?" जिल्वानने विचारलं.

"दात जातील. दुधाचे बहुतेक सगळे पुढचे. नंतरचे किती टिकतील, सांगता येत नाही. दातांसाठी औषध माझ्याकडे नाही. हाडांचं भय नाही."

आउरेनीने मान हलवली. तिला ते शब्द कळले आणि विश्वास बसला नाही. कायोच्या वेळीही पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी सांगितलं होतं, वाढेल, सुधारेल.

"आणि पुढचं मूल?" जिल्वानने विचारलं.

"चारात एक, कायोसारखं होऊ शकतं. दर वेळी."

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "चारात तीन चांगलीही होऊ शकतात." त्याला मुलगा हवा होता, ते तिला माहीत होतं. तिने त्या वर्षी नसबंदी करून घेतली, त्याला न विचारता. त्याच्या फेऱ्या लांबत गेल्या. मग गोयासमध्ये त्याची एक बाई असल्याचं कळलं, मग त्या बाईला मुलगा झाल्याचं. ते बाळ धट्टंकट्टं होतं म्हणे. आत्या आठवडाभर जेवली नाही. आउरेनी जेवली. तिला काम होतं.

मायसा चार वर्षांची झाल्यावर डॉक्टर इरासींच्या माणसांनी तिला इवलीशी कवळी करून दिली. ती तिने विहिरीत टाकली. दुसरी करून दिली, ती घालते, शाळेत. पोरं 'ए म्हातारे' म्हणून हाक मारतात. तिने एकाला दगड मारला, आणि पुन्हा दोना क्लेओनीसे आल्या, या वेळी मात्र मायसाला रागवायला.

आणि सात वर्षांची असताना ती शाळेच्या भिंतीवरून पडली.

उजवा हात कोपराखाली वाकडा झाला होता. आउरेनीला बोलवायला आलेल्या बाईने 'हात मोडला' एवढंच म्हटलं आणि आउरेनीच्या हातातली झालर तशीच खाली पडली. दवाखान्यापर्यंत ती धावत गेली, पण तिच्या मनाने तिला केव्हाच मसणात नेलं होतं. झालं. आलं. कायोचं होतं ते हिच्यात लपून होतं, आता निघालं. डॉक्टरने हाडाचा फोटो काढला, हात सरळ करून प्लास्टर घातलं आणि म्हणाला, "मुलांचं हाड आहे, दीड महिन्यात जुळेल." हा तोच दातांवाला नव्हता, दुसरा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

"हिचं जुळणार नाही," आउरेनी म्हणाली.

"का नाही जुळणार?"

तिला सांगता आलं नाही. तिने डॉक्टर इरासींना फोन लावला आणि फोनमध्ये नुसती रडली. तिकडून हळू आवाज येत राहिला: जुळेल. सांगितलं होतं ना, हाडाच्या पेशी वेगळ्या. जुळेल. आउरेनीला त्या आवाजाचाही राग आला.

तो दीड महिना तिने जेवण गिळलं नाही म्हटलं तरी चालेल. प्लास्टरच्या आत पोरीचा हात मऊ होत चाललाय, विरघळतोय, असं तिला दिसायचं. आत्या तोवर थकली होती, झोळ्यातून उठत नव्हती. तिथूनच म्हणायची, "देव एका घराला किती मारेल?" आणि आउरेनी म्हणायची, "मला नको विचारू."

प्लास्टर कापलं त्या दिवशी तिने डोळे मिटून घेतले होते. करवतीचा आवाज थांबला. आतून निघाला तो हात बारीक, सालटलेला, घाणेरड्या वासाचा. डॉक्टरने नव्या फोटोत मोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. तिथे हाडाने स्वतःभोवती गाठ बांधली होती, जाड, पांढरी. "बघा, पहिल्यापेक्षा भक्कम," तो म्हणाला.

"खरंच हाड आहे ते?" आउरेनीने विचारलं.

"मग काय असणार?"

ती फोटोपुढे उभी राहिली. एवढी उभी राहिली की नर्सने तिला खुर्ची आणून दिली. मायसाने हात वर केला, मूठ उघडली, मिटली आणि आईच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, चांगला जोराचा.

"दुखलं?"

"दुखलं," आउरेनी म्हणाली. "आणखी एक मार."

त्याच महिन्यात मायसाचा खालचा एक मोठा दात हलायला लागला. हा दुधाचा नव्हता, नवा, कायमचा. आउरेनीने बोट लावून पाहिलं, आणि तो हलत होता यात शंका नव्हती. तिने डॉक्टर इरासींकडची पुढची तारीख घेतली, पहाटेच्या गाडीत दोन जागा सांगून ठेवल्या. त्या दिवशी पोरीला कुसकुस मऊ करून दिला आणि बाहेर खेळायला सोडलं. भिंतीवर चढू नकोस, असं मात्र तिने म्हटलं नाही.